म्हशीचं डावं शिंग कुठे संपतं

थंडी पडली की सुरतेत लोकांना पोंक आठवतो. हातगाड्या लागतात, भाजलेल्या कोवळ्या जोंधळ्याचा वास रस्त्यावर येतो, हिरव्या दाण्यांवर लिंबू-मिऱ्याची शेव पडते. आमच्या खान्देशात यालाच हुरडा म्हणतात, पण तसं इथे म्हटलं की गाडीवाला माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं बघतो. मला मात्र थंडीत पोंकाच्या आधी माझी बोटं आठवतात. टोकांची कातडी कोरडी होते, चिरते, कणीक मळताना मीठ झोंबतं. आणि मग तो हिवाळा आठवतो, ज्या हिवाळ्यात मी एका दगडावर चढले. किंवा नाही चढले. हे मला अजून नक्की सांगता येत नाही, म्हणून तर लिहायला बसले आहे. लिहून उलगडा होईल अशी आशा नाही. पण डोक्यातल्या गोंधळापेक्षा कागदावरचा बरा, त्याला निदान समास तरी असतो.

आधी खेळ सांगते. दोर नाही, डोंगर नाही. एक मोठा दगड, फार तर दोन पुरुष उंच, खाली अंथरलेली जाड गादी आणि हाताला खडूची पावडर. दगडावर कुठून सुरुवात करायची, कोणत्या रेषेनं जायचं आणि कुठे संपवायचं हे आधी कुणीतरी ठरवून ठेवलेलं असतं. अशा एका वाटेला या खेळात ‘प्रॉब्लेम’ म्हणतात. माझ्या मायला हे नाव फार आवडलं होतं. “तुले घरमा कमी पडतंस का प्रॉब्लेम?” असं ती प्रत्येक रविवारी सकाळी मी निघताना विचारायची आणि डब्यात एक भाकर जास्त घालायची.

दगड होते मांडवीच्या पुढे, नदीच्या पात्रात. पावसाळ्यात ते बुडालेले, उन्हाळ्यात तव्यासारखे. दिवाळीनंतर पाणी ओसरायचं, काळा दगड कोरडा आणि थंडगार व्हायचा, तेव्हापासून होळीपर्यंत आमचा मोसम. मी सुरतेतल्या आमच्या गोडादऱ्याहून कामरेजला जायचे, तिथे धर्मेश गाडी घेऊन उभा असायचा. धर्मेश पटेलचा कामरेजला गाद्यांचा छोटा कारखाना आहे. खाली अंथरायची गादी त्यानंच बनवली होती आणि त्याला तिचा इतका अभिमान होता की कधीकधी वाटायचं, हा चढतोच मुळी पडायला.

आमच्याकडे एक पुस्तक होतं. पुस्तक म्हणजे झेरॉक्स काढून स्पायरल घातलेली वही. पुण्याकडच्या कुणा पोरांनी कधीतरी या पात्रात चार-दोन हिवाळे काढले होते आणि प्रत्येक दगडाचा फोटो छापून त्यावर रेघा ओढल्या होत्या. रेघ जिथे संपते तिथे बाण. खाली इंग्रजीत दोन ओळींची माहिती. खुणांचा अर्थ सांगणारं पहिलं पान आमच्या प्रतीत नव्हतंच, झेरॉक्सवाल्याकडेच राहिलं असावं. सगळ्या पुढच्या रामायणाला ते एक पान पुरलं.

कारण बाण हा माझ्या पोटापाण्याचा विषय. मी साड्यांची डिझाइनं काढते, कॉम्प्युटरवर. साडीभर वेल न्यायची असेल तर आम्ही सगळी वेल काढत बसत नाही. एक तुकडा काढतो आणि त्याच्या कडेला बाण देतो. छपाईवाला बाण बघून समजतो की हे इथे संपत नाही, पुढे असंच चालू ठेवायचं. जिथे खरोखर संपतं तिथे आम्ही आडवी रेघ मारतो. इतकी वर्षं हेच करत आल्यावर बाणाचा दुसरा काही अर्थ असू शकतो हे माझ्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. पुस्तकात सगळीकडे बाण होते, आडवी रेघ एकही नव्हती. मी आपली प्रत्येक दगडावर माथ्यापर्यंत जायचे.

एकदा त्याचं फळ मिळालं. एका बसक्या दगडावर बाण मध्येच, एका रुंद कंगोऱ्यापाशी थांबला होता. धर्मेश तिथवर गेला आणि उडी मारून खाली आला. मी गेले ती कंगोऱ्यावरून पुढे, माती सुटणाऱ्या कडेला धरत, सरळ माथ्यावर. माथ्यावर करवंदाची जाळी होती. पुढे जाता येईना, मागे वळता येईना, ओढणी काट्यात आणि वेणीही काट्यात. खालून धर्मेश कळवळून ओरडत होता, “वैशालीबेन, त्यां नीचे तो पूरुं थई गयुं हतुं!” मी वरून ओरडले, “मग बाण कशाला काढलाय?” तो म्हणाला, “संपलं म्हणून!” त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की जगात अशीही माणसं आहेत ज्यांना बाण म्हणजे शेवट वाटतो. जाळीतून सुटायला मला बराच वेळ लागला आणि घरी मायनं काटे काढताना एक शब्द विचारला नाही. तिचं न विचारणं मला काट्यांपेक्षा जास्त टोचलं.

हे सगळं त्या हिवाळ्याच्या आधीच्या हिवाळ्यातलं. त्याच मोसमाच्या शेवटी मी वाईट तऱ्हेनं पडले. उजवं मनगट सुजून भोपळी मिरचीएवढं झालं आणि महिनाभर माऊस धरता येईना. आमच्या घरात आम्ही दोघीच. बापू, म्हणजे माझे वडील, जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. माय घरी बसून साड्यांच्या मागचे सुटे धागे कापायचं काम करते, अजूनही करते. तिचे डोळे पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. मनगट बरं झालं आणि पुन्हा दिवाळी आली तेव्हा तिनं मला समोर बसवलं.

“तुना हात गया ते आपुन काय करानं?” ती म्हणाली. मी मनगट ओढणीखाली घेतलं. मग तीच म्हणाली, “कोणता दगड ऱ्हायना तुना?”

मी म्हटलं, एक आहे. पात्राच्या मधोमध पाण्यात बसलेल्या म्हशीसारखा एक दगड होता. पुस्तकातही त्याचं नाव म्हैसच. त्याच्या डाव्या अंगानं जाणारी वाट म्हणजे ‘डावं शिंग’. मी त्याच वाटेवरून पडले होते.

“हाऊ दगड झाया का मंग बस,” माय म्हणाली. “नंतर दगडनं नाव नही काढानं. कबूल?”

मी कबूल म्हटलं. मनात विचार केला, डावं शिंग माझ्याच्यानं लवकर काही होत नाही, तोवर बघू. पण तिनं ते इतक्या गंभीरपणे ऐकून घेतलं, कात्री बाजूला ठेवून, की मला त्यातून पळवाट काढायची लाज वाटली. मायला दिलेला शब्द मी मोडणार नव्हते. दगड झाला की खेळ संपला, एवढं ठरलं.

ठरलं खरं, पण दगड झाला म्हणजे काय झालं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

डाव्या शिंगाची माहिती मला अजून पाठ आहे. ‘दोन्ही हात शिंगाच्या मुळाशी घेऊन सुरुवात. कडेनं वर. शेवट मोठ्या पकडीवर. माथा सोपा.’ बस. मोठी पकड दगडाच्या ओठाखाली, म्हणजे जिथून माथा सुरू होतो त्या काठाखाली, वीतभर होती, तिच्यात पुरता पंजा बसायचा. आता ‘शेवट मोठ्या पकडीवर’ असेल तर ‘माथा सोपा’ कशाला सांगितलं? आणि माथ्यावर जायचंच असेल तर शेवट पकडीवर कसा? फोटो बघावा तर बाणाचं टोक पकडीच्याही वर, ओठाच्या अगदी खाली येऊन थांबलेलं. म्हणजे पकडीच्या पुढे गेलेलं, पण माथ्यावर न पोचलेलं. बाण काढणाऱ्याचा हात तिथे हलला होता की त्याला काही सांगायचं होतं, हे मी भिंग लावून बघितलं आहे.

पौष लागता लागता मी त्या पकडीपर्यंत पोचले. तो रविवार मला स्वच्छ आठवतो. उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, जवळ आलेलं, वाटेतल्या प्रत्येक गावाच्या आभाळात पतंग, आणि मांज्यानं कापलेल्या बोटांना पट्टी लावून धर्मेश नुसता खाली उभा. शिंगाच्या कडेला डाव्या हाताची चार बोटं, उजवा पंजा भेगेत आडवा, टाच वर अडकवली आणि मी झेप घेतली. पकड हातात आली. दोन्ही हात तिच्यात घातले. पाय सुटून लोंबकळले तरी मी तिथेच होते. मी मोठ्यानं हसले.

“थई गयुं!” धर्मेश खाली नाचायला लागला. “डावं शिंग थई गयुं!”

आणि माझं हसणं थांबलं. वर बघितलं तर ओठाच्या वरचा दगड पाण्यानं घासून मडक्यासारखा गुळगुळीत झालेला, धरायला काही नाही. खाली बघितलं तर गादी. मी हात सोडले आणि खाली आले. झालं? झालं असेल तर हा माझा शेवटचा रविवार होता. मी गादीवर तशीच पडून राहिले आणि म्हटलं, “नाही झालं. वर जायचं बाकी आहे.”

तो म्हणाला, पुस्तकात लिहिलंय पकडीवर शेवट. मी म्हटलं, पुस्तकात बाण पकडीच्या वर गेलाय. तो म्हणाला, “बेन, तू हमणां ज कूदी, तारा मनमां तो पती ज गयुं हतुं ने?” उडी मारलीस तेव्हा तुझ्याच मनानं संपलं म्हटलं होतं ना. मी उडी मारली होती हे खरं. वर जायची भीती वाटली म्हणून मारली, हेही खरं. आणि झालं नाही असं म्हणताना मला आतून गारगार बरं वाटत होतं, हे तर सगळ्यात खरं.

धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, तशी माझी गत झाली. मला डावं शिंग हवं होतं. रात्री झोपेत माझे हात गोधडी पकडायचे इतकं हवं होतं. आणि ते मिळालेलं मला नको होतं. मी माथ्याचा हट्ट धरत होते तो खेळ नीट खेळावा म्हणून की खेळ संपू नये म्हणून, हे माझं मलाच कळेना. स्वतःच्या प्रामाणिकपणावर संशय आला की माणूस फार थकतं.

पुढचे कित्येक दिवस आमच्या घरी हीच चर्चा. धर्मेश गाद्यांची डिलिव्हरी द्यायला शेजारच्या पर्वत पाटिया भागात आला की वर गोडादऱ्याला चहाला यायचा, पुस्तक उघडायचा आणि आम्ही भांडायला लागायचो; एकमत फक्त एवढ्यावर, की कुणी हात लावला तर चढणं धरत नाहीत. माय खिडकीपाशी साडी उलटी पसरून धागे कापत बसलेली. कात्रीचा आवाज मध्येच थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. एकदा तिनं पुस्तक मागून घेतलं, फोटो डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघितला.

“यामा काय लिखेल शे?”

मी वाचून दाखवलं. शेवट मोठ्या पकडीवर, माथा सोपा.

“मंग झाया का नही झाया?”

“तेच तर माय, कळत नाही.”

“पुस्तक कसाले लिखतंस मंग लोकं?” असं म्हणून तिनं ते परत दिलं. मला तिचं पटलं.

धर्मेशनं कुठून कुठून चौकशी करून पुस्तक लिहिणाऱ्यांपैकी एकाचा नंबर मिळवला. मोठ्या आशेनं आम्ही फोन लावला. त्या भल्या माणसाला म्हैस आठवत होती, डावं शिंग आठवत होतं, आणि तिथे खाल्लेले मासेही आठवत होते. शेवट मात्र आठवत नव्हता. मजकूर त्यानं लिहिला होता, बाण मित्रानं काढले होते आणि मित्र आता परदेशी असतो. “मी तर पकडीवरून उडी मारली होती बहुतेक,” तो म्हणाला, “पण तो वर गेला होता. मला वाटतं आम्ही भांडलो होतो त्यावरून.” म्हणजे आमच्याकडे पुस्तक होतं ते दोन माणसांच्या न मिटलेल्या भांडणाचं. एकानं शब्दांत आपला शेवट लिहिला, दुसऱ्यानं बाणात आपला काढला. फोन ठेवल्यावर आम्ही दोघं बराच वेळ हसलो, आणि हसून झाल्यावर होतो तिथेच होतो.

कधी वाटतं, शेवटाच्या बाबतीत आमच्या गल्लीला हसायचा अधिकार नाही. गोडादऱ्यातला निम्मा खान्देश ‘चार वर्षांसाठी’ सुरतेला आलेला आहे. बापूही तसेच आले होते, अमळनेरकडून, लूमवर कामाला. चार वर्षं काढू आणि गावाला परत जाऊ, हे वाक्य मी जन्मल्यापासून ऐकलं. गावच्या घराची किल्ली ते खिशात बाळगायचे. त्यांना मी एकदा विचारलं होतं, परत कधी जायचं? ते म्हणाले, “काम झायं का जाऊत.” कोणतं काम, ते कसं झालं म्हणजे झालं, हे त्यांनी सांगितलं नाही, बहुधा त्यांनाही ठाऊक नसावं. ते गेले ते इथेच, लूमच्या आवाजानं बहिरे झालेले, नातेवाइकांनी जोरजोरात मारलेल्या हाका त्यांना ऐकू आल्या की नाही देव जाणे. त्यांचं काम झालं होतं का? मला त्यांची फार आठवण येते. मी त्यांना हे दगडाचं कधी सांगू शकले नाही, कारण मी चढायला लागले तेच ते गेल्यानंतर.

होळीच्या आधीच्या रविवारी माय म्हणाली, “मी बी येस.” कसाले, असं विचारायची माझी छाती झाली नाही. पात्र तापायला लागलं होतं, त्या मोसमातला हा शेवटचाच रविवार. गाडीत ती पुढे बसली आणि कामरेजपासून मांडवीपर्यंत धर्मेशला त्याच्या बायकोची, मुलीची, गादीतल्या फोमची खबर विचारत राहिली. तो तिच्याशी गुजराती बोलायचा, ती त्याच्याशी अहिराणी, आणि दोघांचं माझ्यापेक्षा बरं जमत होतं.

नदीवर पोचलो तर तिनं चपला काढून पाण्यात पाय घातले. म्हशीकडे बघितलं, मग माझ्याकडे. “इतलासा तर शे,” ती म्हणाली. धर्मेशनं तोंड फिरवून हसू दाबलं. मी बोटांना पट्टी लावत होते तेव्हा ती शेजारी येऊन बसली आणि काहीतरी भलतंच बोलली.

“ऐतवारनी संध्याकाळले तू गाना म्हनस. बाकीना दिन मुकी ऱ्हास.”

“मी? मी कुठे गाणी म्हणते?”

“भाकर करतावखत. तुना बापू गया तैन्हपाईन घरमा कोणी गाना नही म्हने. तू म्हनस. ऐतवारले.”

बापू गेल्यापासून घरात गाणारी मी एकटी, तीही फक्त रविवारी, हे मला ठाऊकच नव्हतं. ती उठली, “पानी पीसनी येस,” म्हणाली आणि पात्राच्या बाजूनं निघून गेली.

मी सुरुवात केली. कड, भेग, टाच, झेप. पकड हातात. खालून धर्मेशचं “बस! थई गयुं!” आणि या वेळी मी हात सोडले नाहीत. का ते मला सांगता येणार नाही. इतक्या दिवसांच्या घोळाचा इतका कंटाळा आला होता की काय ते एकदा होऊन जाऊ दे असं वाटलं. संपलं तर संपलं. एक हात ओठावर नेला, तळवा गुळगुळीत दगडावर पसरला. दुसराही नेला. पाय घासत वर घेतले, छाती काठावर टेकली. पुढे धरायला काही नव्हतं. जरा हललं तर मागे जाणार होते, तेवढ्यात तोल जरा पुढेही गेला. येतंय, असं वाटलं. खरंच येत होतं. आणि येतंय हे कळल्याबरोबर मला रडू फुटलं, कारण माथ्यावर गेल्यावर मला पुढे काहीच उरणार नव्हतं.

तेवढ्यात डोक्यावर बांगड्या वाजल्या. मान वर केली तर माय. म्हशीच्या पाठीमागून, जिथून बकऱ्या चढतात तिथून, लुगडं खोचून ती सावकाश माथ्यावर आली होती आणि ओणवी होऊन मला हात देत होती.

“धर मना हात.”

“माय, नको! हात लावू नकोस, येतंय मला, थांब!”

“माले दिखी ऱ्हायनं,” असं म्हणून तिनं माझं उजवं मनगट गच्च धरलं आणि ओढलं. धागे कापणाऱ्या त्या बोटांत इतका जोर असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी पोटावर घसपटत माथ्यावर येऊन पडले. तोंडात माती, गालावर पाणी.

खालून धर्मेशचा आवाज आला, अगदी रडवेला. “अरे मासी! शुं कर्युं? हाथ आप्यो एटले नहीं गणाय! आखुं थई ज गयुं हतुं!” हात दिला की चढणं धरत नाहीत, या खेळातला एवढा एकच नियम पुस्तकाविना सगळ्यांना पाठ असतो. म्हणजे डावं शिंग झालं नव्हतं. पकडीवरही नाही, माथ्यावरही नाही, कुठल्याच अर्थानं नाही.

मी उठून बसले आणि मायकडे बघितलं. ती पदरानं माझ्या मनगटावरची पावडर पुसत होती, उन्हामुळे डोळे बारीक करून.

“माय, तो म्हणतो हात दिला तर मोजत नाहीत.”

“माले मालूम शे,” ती म्हणाली. “म्हनीसनच हात देधा.”